मुठीत न बसणारी मूठ

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा हात सध्या आखडलेला आहे, तेवढं चालवून घ्या.) आई ठीक आहे, तिचे गुडघे मात्र तिच्या मते ठीक नाहीत. तुमची पाठ कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, हे विचारत नाही, कारण तुमचं 'बरं आहे' आम्हाला तोंडपाठ झालंय.

पत्रास कारण की, मी पिस्तूल चालवायला लागले आहे. पाणी पिऊन घ्या, मग पुढे वाचा. पिस्तूल हवेवर चालतं, त्यातून छर्रा सुटतो आणि तो कागदाला भोक पाडतो, याउपर काही नाही. मी दिवसभर दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या करते हे तुम्हाला ठाऊकच आहे. वीस वर्षं वीतभर अंतरावर बघून माझे डोळे इतके घरकोंबडे झाले की समोरून येतेय ती बस आहे की भिंत, हे कळेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लांबचं बघत जा. आमचे दातांचे डॉक्टर नेमबाजीच्या क्लबात जातात. ते म्हणाले, मग चला की, तिथे दहा मीटरवरचं बघायचं असतं. दहा मीटर म्हणजे मला परदेशच, पण गेले.

क्लब एका पोहण्याच्या तलावाखालच्या तळघरात आहे, त्यामुळे नेम धरताना डोक्यावर कोणीतरी धपाधप उड्या मारत असतं. शिकवणाऱ्या गृहस्थांना सगळे श्वासकाका म्हणतात, कारण कुठल्याही दुखण्यावर त्यांचं एकच औषध: 'श्वास सोडा.' माझे छर्रे खाली डावीकडे जात होते, तेव्हा मी आठवडाभर नुसता श्वास सोडत होते. एकदा शेजारी उभ्या असलेल्या करखात्यातल्या बाईंनी दहा छर्रे मारले आणि त्यांच्या कागदावर अकरा भोकं निघाली. बाई हिशेबाच्या पक्क्या, त्यांनी तीनदा मोजली. मग श्वासकाकांनी पहिल्यांदाच माझ्या छातीऐवजी हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, श्वास ठीक आहे. मूठ बसत नाहीये."

मूठ म्हणजे पिस्तुलाचा धरायचा लाकडी भाग. क्लबात ती तीन मापांत मिळते आणि आपल्या घराण्याचा हात तिन्हींत बसत नाही. तळवा पैलवानाचा आणि बोटं बाहुलीची (ही तुमच्याकडची देणगी, आईचाही हात असाच आहे). मोठी मूठ घेतली तर बोट घोड्यापर्यंत पोचेना. लहान घेतली तर तळव्याला टेकू द्यायची तिची फळी अशी चावायची की कवळी बरी. मधल्या मुठीत दोन्ही दोष गुण्यागोविंदाने नांदत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकायला आधी ती मिटावी तर लागते! त्यात महिनाअखेरीला दुसऱ्या क्लबाशी सामना, आणि तिसरं कोणी न मिळाल्यामुळे संघात डॉक्टर, करखात्यातल्या बाई आणि मी.

मग मी श्वासकाकांच्या परवानगीने जुनी मोठी मूठ दवाखान्यात आणली आणि कवळ्या घासायच्या यंत्राने तासायला घेतली. (बाहेरच्या खोलीतल्या एका पेशंटने माझ्या भिंतीआडून लाकूड कापल्याचा आवाज ऐकला आणि दात आपोआप बरा झाल्याचं सांगून तो निघून गेला. डॉक्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.) तासता तासता जरा जास्तच गेलं, तेव्हा श्वासकाका म्हणाले, लाकडाच्या भुशात गोंद कालवून लांबी भरा आणि ती ओली असतानाच घट्ट धरून उभ्या राहा, बोटांचे ठसे उमटतील. मी क्लबातच उभी राहिले. वीस मिनिटांनी ठसे झकास उमटले होते, फक्त बोटं त्यांतून निघत नव्हती. हाताला तेल लावायचं असतं, हे श्वासकाकांनी श्वास सोडण्याच्या नादात सांगितलंच नव्हतं.

मामा, मी तशीच बसने दवाखान्यात आले. हातात नुसती मूठ होती, पिस्तूल नव्हतं, पण हे बसमधल्या प्रत्येकाला वेगवेगळं कसं समजवायचं? मी हात ओढणीत लपवला, त्याने आणखीच बिघडलं. तीन जणांचं बाकडं मला एकटीला मिळालं आणि कंडक्टरने तिकीट विचारायचं धाडस केलं नाही. डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर घेतला, मग आठवून हातावर नेला, आणि कीटण काढायच्या आकडीने एकेक बोट सोडवत सवयीने म्हणाले, "दुखलं तर डावा हात वर करा." मी दोनदा केला. दोन्ही वेळा त्यांनी सवयीने दुर्लक्ष केलं.

त्यानंतर मला अक्कल आली की बाई, तू वीस वर्षं लोकांच्या हिरड्यांची मापं घेतेस, मग हातानेच काय घोडं मारलंय? मी माझ्या मिटलेल्या मुठीचा साचा घेतला आणि कवळीच्या मालाची मूठ ओतली. रंग अर्थातच हिरडीचा, गुलाबी. क्लबात ती बाहेर काढली तेव्हा करखात्यातल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या आणि श्वासकाका कितीतरी वेळ श्वास सोडायचे विसरले. पण हात असा बसला, की जणू कोणी ओळखीचं माणूस हात हातात घेऊन उभं आहे. नऊ, नऊ, दहा. सगळे माझ्याच कागदावर.

आईचा आशीर्वाद. (ती तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, हे लिही म्हणते.)

तुमची भाची,
कवळीवाली

ता. क. गुलाबी मूठ घामाने निसटते, असं श्वासकाका म्हणतात. लाकूड घाम पितं. तुम्ही जन्मभर पटाशीला, करवतीला, हातोडीला मुठी बसवल्यात. अक्रोडाच्या लाकडाची एक मूठ मला करून द्याल का?

ता. क. २. हाताचा साचा पोस्टाने पाठवणार नाही, फुटतो. मापं लिहून भागणार नाही. हत्यारं घेऊन तुम्हालाच यावं लागेल, आणि मूठ एका दिवसात होत नाही. निदान महिना धरा.

ता. क. ३. गुलाबी मूठ अजिबात निसटत नाही. सामना गेल्या रविवारीच झाला आणि आम्ही जिंकलो. पण मामी गेल्यापासून तुमच्या कारखान्याला कुलूप आहे आणि तुम्ही फोनवर दोन शब्दांपलीकडे जात नाही. आई म्हणाली, "ये म्हणून लिहू नकोस, तो बिथरेल. दुसरं काहीतरी लिही." म्हणून पिस्तुलाचं लिहिलं. घरातली मागची खोली तिने झाडून ठेवली आहे.