घड हवा तर बकराही

३ मार्च, सोमवार

लॅपटॉप आले. दोन. हुबेहूब एकसारखे — काळे, जाड, आणि चालू केले की बटणांखाली लाल दिवे लागतात. नालोंगोंनी दोन्ही खोकी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एक जरा मागे राहिलं होतं, ते ओढून दुसऱ्याच्या रांगेत आणलं. म्हणाल्या, "हा वास्वाचा, हा तुझा, काटो. उद्या कुणी म्हणायला नको, जुळ्या भावांत मी डावं-उजवं केलं." त्यांना स्वतःला जुळी झाली तेव्हापासून अख्खी वांदेगेया वस्ती त्यांना नालोंगोच म्हणतं, आणि या बाबतीत त्या कुणाचं ऐकत नाहीत. जुळ्यांतल्या एकाला दिलं, दुसऱ्याला नाही, तर घरात दुखणं येतं म्हणे. स्टुडिओ त्यांचा, पैसा त्यांचा. मी काय बोलणार?

पण मी मागितलं काय होतं? वेगवान प्रोसेसर, भरपूर मेमरी. बस्स. सिनेमाला आवाज बसवणाऱ्या माणसाला गेमचं कार्ड कशाला? ते सिनेमाचं चित्र कापून जोडणाऱ्याला लागतं. म्हणजे वास्वाला. त्याचं काम आजपासूनच धावायला लागलं. माझ्या लॅपटॉपचा पंखा त्या कार्डाने तापून दुपारी सुरू झाला तो अजून थांबलेला नाही.

४ मार्च

दुकानात जाऊन भांडलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाऊ, एवढी मेमरी हवी तर कार्डवालंच घ्यावं लागतं. कंपनी तशीच बनवते." बिनकार्डाचं नाही? "आहे ना. त्यात मेमरी निम्मी. नंतर वाढवताही येत नाही, आत चिकटवलेली असते." मग ज्याला मेमरीही हवी आणि शांतताही हवी, त्याने काय करायचं? "असं मागणारे तुम्ही पहिलेच."

म्हणजे मटोके केळ्यांचा घड घ्यायला जावं आणि बाजारातल्या बाईने म्हणावं, घड हवा तर हा बकराही न्यावा लागेल. अहो, बकरा नको मला. नको कसा, दोघांना दोरी एकच आहे! आता बकरा माझ्या खोलीत उभा राहून ओरडतोय. कुठे बसून ठरवतात हे लोक? ज्याला ताकदीचं यंत्र हवं त्याला गोळीबारच खेळायचा असतो, हे यांना सांगितलं कुणी?

६ मार्च

जुंजू आला. सिनेमा कुठलाही असो, परदेशी पात्रांच्या डोक्यावर बसून आमच्या लुगांडा भाषेत गोष्ट सांगणार हाच. लोक सिनेमासाठी येत नाहीत, जुंजूच्या आवाजासाठी येतात. त्याला गाद्या लावलेल्या खोलीत बसवलं. पडद्यावर तळ्याकाठी नायक-नायिका. जुंजू अगदी हळू आवाजात काहीतरी गोड बोलला. परत ऐकवलं तर म्हणतो, "काटो, या दोघांच्या डोक्यावर हेलिकॉप्टर का घिरट्या घालतंय? पोरीच्या बापाने पाठवलंय का?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने वास्वा.

मी जळतो त्याच्यावर. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय. लहानपणी शर्ट शिवायचे असले की रंग वास्वाला विचारायचे, कारण तो आधी जन्मला. मग त्याच कापडातून माझाही. त्याला लाल आवडायचा. मला काय आवडतं हे आईलासुद्धा सांगता आलं नसतं. आता दिवेही लाल!

८ मार्च

कार्ड बंद करून पाहिलं. पडदाच काळा झाला. वास्वाने येऊन परत चालू करून दिलं. तेही त्यालाच जमतं.

१० मार्च

टीव्हीवाल्या बाई येऊन गेल्या. अकेल्लो नाव, लांब उत्तरेतल्या लीराकडच्या. त्यांच्या वाहिनीला मालिका लुगांडात करून हव्या आहेत. आधी एक नमुना मागितलाय, चित्र आणि आवाज दोन्ही. हे काम मिळालं तर आयुष्य मार्गी लागेल. या पंख्यासकट मिळणार नाही, हे मला बहिऱ्यानेही सांगितलं असतं.

११ मार्च

लॅपटॉप नालोंगोंच्या स्वयंपाकघरात नेला. भिंतीला भोक पाडलं, वायरी ओढल्या. जुंजू या खोलीत बोलणार, मी त्या खोलीत बटण दाबणार, मग इकडे पळत येऊन त्याला खूण करणार. शेगडीवरची घेवड्याची हंडी उतरवावी लागली. नालोंगो म्हणाल्या, "आज जेवायला लॅपटॉप आहे वाटतं."

पण आवाज! जुंजू वाक्याआधी ओठ ओले करतो, तेसुद्धा ऐकू येतं. इतकं स्वच्छ काम मी कधी केलेलं नाही. वास्वाला ऐकवलं नाही.

१२ मार्च

अकेल्लोबाईंनी नमुना पाहिला. वास्वाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून. मला खुर्ची नव्हती, मी दारात. मध्ये त्यांनी डोळे मिटले, मग वास्वाला काहीतरी हळूच विचारलं. तो हसला, त्या हसल्या. झालं. लाल शर्ट.

१३ मार्च

नालोंगोंनी बोलावलं. म्हणाल्या, "वाहिनीला तुमच्यातला एकच हवाय. कायमची नोकरी. जुळं तोडून न्यायचं हे मला पटत नाही, पण कुणाचं भलं अडवू कशी?" त्या पुढेही काही बोलत होत्या. मी बाहेर पडलो. कोण हवाय हे विचारायला मी काय खुळा आहे?

१४ मार्च, शुक्रवार

वास्वा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बोडावर, भाड्याच्या मोटारसायकलवर, बसला. कुठे निघालास? "जरा काम आहे." बोडावाल्याला म्हणाला, कोलोलो. वाहिनीचं ऑफिस तिथेच आहे.

संध्याकाळी माझ्यासाठी चपातीत गुंडाळलेलं अंडं घेऊन आला. "काय रे, आनंद नाही झाला?" झाला की, म्हटलं. अंडं तसंच ठेवलं.

१६ मार्च

दोन दिवस त्याच्याशी धड बोललेलो नाही. तो शिट्टी वाजवत काम करतोय. तो जाईल, आणि मी इथे या बकऱ्याबरोबर म्हातारा होईन. नाही! आपल्याला तोडता येत नाही हे सगळं जग म्हणतं ना? मग म्हणू दे.

१७ मार्च, सोमवार

गेलो कोलोलोला. अकेल्लोबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात, मी फोन करणारच होते." मी बसलो नाही. म्हटलं, बाई, तुमच्याकडे कसं असतं माहीत नाही, आमच्यात जुळी तोडत नाहीत. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर घेणाऱ्यालाही सुख नाही, देणाऱ्यालाही नाही. न्यायचं तर दोघांना न्या. नाहीतर एकालाही नेऊ नका.

त्या म्हणाल्या, "पण वास्वा तर मला —"

वास्वाचं मला सांगू नका, म्हटलं.

"हा तुमचा शेवटचा शब्द?"

शेवटचा.

येताना इतकं हलकं वाटलं. त्याला न्यायचं तर आता मलाही न्यावं लागेल.

२० मार्च

अकेल्लोबाईंचा फोन. आवाज पडलेला. "काटो, आम्हाला आवाजाचा माणूस हवा होता. तुम्हीच हवे होतात. चित्रं कापणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणखी एक कुठे ठेवू? वास्वा शुक्रवारी येऊन सांगून गेला होता — माझी काळजी करू नका, त्याला न्या, फक्त एक शांत खोली द्या. पण तुम्ही म्हणालात, दोघं नाहीतर कुणीच नाही. आमचे साहेबही तुमच्यासारखे मुगांडाच, जुळ्यांबद्दलचा तुमचा निरोप ऐकून घाबरले. एंटेब्बेचा एक माणूस घेतलाय. आज रुजू झाला."

वास्वा पलीकडच्या खोलीत आहे. सकाळपासून दोनदा डोकावून गेला. वाहिनीचा फोन आला का, विचारतोय.