देव्हाऱ्यातला आईचा फोटो

मी, दोआन थी बिक थाओ, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा फोटोग्राफी, राहणार ह्वे, नदीचा दक्षिण काठ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. माझ्यावर दडपण आणण्याचा प्रयत्न धाकटा भाऊ न्योन याने जरूर केला. त्याचा उपयोग झालेला नाही.

घर आणि अंगणातलं पपनसाचं झाड न्योनला द्यावं. घर देताना आनंद होत नाही, पण ते वडिलांचं आहे आणि छप्पर तोच दुरुस्त करतो. पपनसं शेजारी वाटावीत. तो वाटत नाही.

दोन्ही कॅमेरे आणि डार्करूममधलं सामान पुतणी थुक आन हिला. तिने ते वापरावं. काचेच्या कपाटात मांडून ठेवायचं असेल तर आताच विकावं.

'घरातली माणसं' या मालिकेतले सर्व फोटो आणि निगेटिव्हही तिलाच. त्यांत मी आईच्या रेशमी, पायघोळ आओ दाईत आहे, वडिलांच्या सुटात आहे, न्योनच्या शाळेच्या गणवेशात आहे. सुटातला फोटो पाहून न्योन प्रदर्शनातच म्हणाला, "ताई, लोक विचारतात, ही तुझी बहीण की भाऊ?" मी म्हटलं, वडील गेल्यावर तुझी फी कोणी भरली तेही त्यांना सांग. तो चहा प्यायला निघून गेला.

तेतच्या सणाला त्याने सगळ्यांदेखत जाहीर केलं की ही मालिका तो माझ्या अंत्यविधीला कागदी घर आणि कागदी मोटारीबरोबर जाळेल, म्हणजे ती मला तिकडे पोचेल. मला ती तिकडे नको आहे. मोटार चालेल.

बाजारातल्या दुकानातून माझा फोटो करून आणू नये. ते प्रत्येक मेलेल्या बाईचं डोकं एकाच निळ्या आओ दाईवर बसवतात आणि गळ्यात मोती घालतात.

न्योनच्या मते लग्न न झालेल्या बहिणीचा फोटो पितरांच्या देव्हाऱ्यात आईवडिलांच्या रांगेत बसत नाही. तिला खाली, कोपऱ्यात वेगळी जागा. यावर माझं म्हणणं असं.

आईचा एकुलता एक फोटो पुरात गेला. त्या वर्षीच्या श्राद्धाआधी न्योन माझ्या स्टुडिओत आला, पिशवीत आईची आओ दाई घेऊन. म्हणाला, "ताई, तुझा चेहरा आईचा आहे. तूच बस." मी केस मागे बांधले आणि बसले. बटण त्याने दाबलं. श्राद्धाला तो त्या फोटोपुढे रडला. आता पाहुण्यांना सांगतो, आई अशी होती, ताई मात्र वडिलांवर गेली. त्याला खरंच आठवत नाही, असं मला हल्ली वाटू लागलं आहे.

मालिकेतला पहिला फोटो तो आहे. मालिका जाळायची असेल तर सुरुवात तिथून करावी. तो फोटो न्योनने स्वतःच्या हाताने उतरवावा.

तो उतरवणार नाही. तेव्हा बाकीचेही राहू द्यावेत, आणि माझ्यासाठी नवा फोटो लावू नये. माझ्या श्राद्धाला त्याच फोटोपुढे उदबत्ती लावावी आणि पपनस ठेवावं. सोलून.

सही: दोआन थी बिक थाओ
साक्षीदार: ले वान खोई, फ्रेमवाले (देव्हाऱ्यातली फ्रेम यांनीच केली)
साक्षीदार: फान थी न्युंग, शेजारीण
ह्वे, ९ मार्च २०२३