छत्रीवाला डावीकडे जात नाही

ती. दादा यास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वाकून केलेला नाही, उभ्यानेच केलाय, कारण मी तुझ्यावर रागावले आहे. तुझी कंबर आता कशी आहे? वहिनींना आणि पोरांना विचारलंय म्हणून सांग. मी बरी आहे, म्हणजे दोन वेळा जेवते. बाकी डोकं ठिकाणावर नाही.

कारखान्यात माझ्या शेजारच्या काच घासायच्या चाकावर बसणारी फुंकरबाई तुला माझ्या फोनवरच्या बडबडीतून ठाऊक आहेच. (चष्म्याची काच घासून झाली की आम्ही कापडाने पुसतो, ही बया पुसून वर फुंकरही मारते, म्हणून ते नाव. मालक सांगून सांगून थकले.) तर तिची बदली झालीय. महिनाअखेरीला ती दुसऱ्या गावच्या शाखेत जाणार. या शहरात मला मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच. म्हटलं, जाण्याआधी तिला आपल्याकडचं काहीतरी द्यावं. कपबशा काय, कुणीही देतं. मी तिला आपला छत्रीवाला, लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तो गेम, द्यायचं ठरवलं, चारही भाग, पहिल्यापासून, क्रमाने. आपला जुना रिमोट कधीच मोडीत गेला, म्हणून खास तिच्यासाठी नवा आणला.

आधी जेवणाच्या सुट्टीत तिला नियम शिकवले, अगदी तू मला शिकवलेस तसे. छत्रीवाला फक्त उजवीकडे जातो. शूर माणूस मागे फिरत नाही. खाणीत काळाकुट्ट अंधार असतो, तिथे नुसत्या अंदाजाने उड्या मारायच्या. आठवतं ना? तू माझ्या मागे बसून "आता... थांब... आता" म्हणायचास आणि मी त्या काळ्या पडद्याकडे डोळे फाडून बघत उड्या मारायचे. (तुला स्वतःला कधी पार करता आली नाही, हेही लिहून ठेवते.) तेव्हा मी स्वतःला जगातली सगळ्यात धीट मुलगी समजायचे. अजूनही समजते.

रविवारी बाई माझ्या खोलीवर आल्या, सतरंजीवर मांडी ठोकून बसल्या, आणि सगळे नियम ऐकूनही पहिल्या झटक्यात त्यांनी काय दाबलं असेल, तर डावं बटण. आणि दादा, तो मुकाट्याने डावीकडे चालू लागला. तिकडे घर आहे रे. दारात त्याची आई उभी आहे. ती त्याला कंदील देते. त्या कंदिलाच्या उजेडात ही बया आख्खी खाण भाजी आणायला निघाल्यासारखी पार करून गेली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच?"

लक्षात येतंय का तुझ्या? आपल्या रिमोटचं डावं बटण बिघडलेलं होतं. तू त्यावर बसला असशील, आणि आईचा मार चुकवायला हे शौर्य काढलंस. मी ते बटण शोभेचं समजत लहानाची मोठी झाले, नोकरीला लागले, आणि काल-परवापर्यंत तेच समजत होते.

पण मी काही माघार घेतली नाही. मी तिला तोंडावर सांगितलं की कंदील घेऊन कुणीही जाईल, त्यात कसलं आलंय धाडस. ती म्हणाली, अर्धाच गेम खेळून मिरवतेस. मी म्हटलं, तू सबंध खेळलीस आणि तुला त्यातलं काही कळलं नाही. तेव्हापासून आमची चाकं शेजारी शेजारी फिरतात आणि आम्ही एकमेकींशी चकार शब्द बोलत नाही. तिने फुंकर मारणंसुद्धा सोडलंय. (मालक खूश आहेत.) ती अशीच निघून गेली तर मला फार वाईट वाटेल. पण म्हणून मी चुकले असं म्हणणार नाही. आपण ती खाण अंधारात पार केलीय, आणि ते मी कुणालाही पुसू देणार नाही.

घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग, आणि जपून वाक.

तुझी, अजूनही उजवीकडेच जाणारी,
धाकटी

ता. क. एक काम कर. तिला फोन लाव आणि थोरल्या भावाच्या आवाजात सांग की नियम खराच होता. तुझं ऐकेल ती. खोटं बोलायला तुला शिकवायला नको.

ता. क. दुसरा. फोन करू नकोस. पाकीट चिकटवायच्या आत ती स्वतःच दारात. रिमोट माझ्या हातात कोंबून म्हणाली, डावीकडे जा, बघ तरी. गेले. (आई दिसली तेव्हा मी रडले. लिहून टाकते, तू विचारणारच.) कंदील घेतला, खाणीत शिरले, आणि उजेडात मला एकही उडी जमेना, पहिल्याच खड्ड्यात पडत राहिले. ती हसली नाही. तिने रिमोट घेतला, गेम पहिल्यापासून लावला, घराकडे न वळता सरळ उजवीकडे निघाली आणि अंधार झाल्यावर म्हणाली, "सांग, कधी मारू उडी?"

तेव्हा आता खरं काम. शेवटच्या वळणावर तू "थांब" म्हटल्यावर मला किती वेळ थांबवायचास, ते काही केल्या आठवत नाही. संध्याकाळभर आम्ही तिथल्याच खड्ड्यात पडत राहिलो. लवकर कळव. तिचं सामान बांधून होत आलंय, आणि ती अजून खाणीतच आहे.