शंभरातले किती उगवले

२ मे, शुक्रवार
कृषी केंद्रवाल्यानं बियाण्याच्या बॅगेसंगं ही डायरी फुकट देल्ली. मी चौथी शिकलेली. लिवता येते मले. कोनी वाचू नये.
नातू प्रज्वल सोयाबीनच्या भरल्या ट्रॉलीवरून पडला त्याले दोन वर्सं झाली. मणक्याले मार बसला. कमरेखाली काहीच हालत नाई. चाकाच्या खुर्चीत बसून लोकायचे मोबाईल दुरुस्त करते. आज म्हने, आजी, दारातल्या तीन पायऱ्यायवर सिमेंटचा उतार करून दे, मी ठेसनाजवळ दुकान टाकतो. मी साफ नाई म्हटलं. उतार कोनाले लागते? जो चालनार नाई त्याले. हा पोळ्याच्या आत चालनार. मी भाबडी बाई नाई, विचार करून बोलते.

४ मे, रविवार
वाशीमले मंगल कार्यालयात शिबिर होतं. टायवाला डॉक्टर. पडद्यावर एक मानूस खुर्चीतून उठून नाचला. याले म्हने सेल थेरपी म्हनतात. आपल्याच हाडातल्या मगजातून पेशी काढायच्या, मणक्यात टोचायच्या, मंग त्या तिथं रुजतात. रुजतात म्हटल्यावर मले पटलं. पेरनीतलं मले कोनी शिकवू नये. हात वर करून इचारलं, साहेब, शंभरातले किती उगवतात? सारं कार्यालय हासलं. डॉक्टर म्हने, आजी, पेशंट टू पेशंट असते. हा आकडा मी ऐकला नवता, पन मोठा असल.
दोनी म्हशी इकल्या तर जमते. म्हशींचं काय, येतात जातात.

५ मे, सोमवार
सुकेशनी मॅडम आली. सरकारी दवाखान्यातून दर सोमवारी प्रज्वलचा व्यायाम घ्याले येते. ती म्हने, आजी, हे औषध अजून तपासनीतच हाये. खरी तपासनी करनारे पेशंटकडून पैसे घेत नाईत. आन् ज्याले दोन वर्सं झाले, त्याले तर घेतच नाईत बहुतेक. मी म्हटलं, तू तो नाच पाह्यला नाई. ती म्हने, आजी, नाच मीही दाखवू शकते, मोबाईलवर. मंग तिनं उताराची बाजू घेतली.
तिच्या चहात साखर कमी टाकली.

६ मे
आमच्या घरी बियानं आंधळ्यावानी पेरत नाईत. दर मे मयन्यात मी शंभर दाने ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवते, आठ दिवसानं मोजते. सत्तर उगवले तर पेरायचं, नाईतर बॅग वापस. तेच माप प्रज्वलले लावलं. सत्तराच्या वर गेले तर थेरपी पक्की. कोनाले सांगितलं नाई. सांगितलं तर गुन येत नाई.

१३ मे
एकसष्ट.
पोतं जास्त ओलं झालं असल. नुसते फुगलेले पाच धरले तर सहासष्ट. कोंबडीनं दोन नेलेच असतील. अडुसष्ट. अडुसष्ट म्हंजे सत्तरच. तरी दुसऱ्यांदा ठेवले. ह्या खेपेले एक एक दाना हातानं निवडला.

२० मे
अठ्ठावन्न. निवडलेले दाने आळशी असतात.

२१ मे
सोयाबीन नाजूक जात. जरा इकडंतिकडं झालं का रुसते. प्रज्वल तसा नाई, तो टनक हाये. म्हनून त्याच्यासाठी हरभरा ठेवला.

२४ मे
सत्त्यान्नव! मी पयल्यापासून म्हनत होती.
आनंदात तोंडातून निसटलं. प्रज्वल म्हने, आजी, माह्या पाठीत आता हरभरा पेरनार काय? एवढा हासला का हातातला मोबाईल पडला. दोन वर्सांत असा हासला नवता. म्हंजे गुन याले लागला.

२५ मे, रविवार
मानोऱ्याकडचा मोहनसिंग म्हशी पाहाले आला. दात मोजले, कास पाह्यली. तेवढ्यात प्रज्वलनं खुर्ची दारात आनून आडवी लावली. म्हने, मोहनसिंगकाका, म्हशी इकायच्या नाईत. मंग माह्याकडं वळला. म्हने, आजी, पाठ माही, आन् मले कोनी इचारलं? पाय होतील तवा होतील. दोन वर्सं झाले मी एकट्यानं रोडावर गेलो नाई. मले आत्ता जाऊ दे.
मोहनसिंग चहा पिऊन निघून गेला.
पोट्टं उन्हानं चिडलं. ताक पाजलं.

२६ मे
बियान्याच्या बॅगेले टॅग असते. उगवन किती, तारीख कोनती, कंपनी कोनती. टॅग नसन तर बॅग दुकानातच ठेवायची, हे मी माह्या बबनले, प्रज्वलच्या बापाले, रट्टे देऊन शिकवलं हाये. मंग डॉक्टरले फोन लावला. म्हटलं, कागदावर एवढंच लिहून द्या, शंभरातले किती उगवतात, खाली सही-शिक्का. तो म्हने, आजी, आधी बुकिंग करा. मी म्हटलं, आधी टॅग. फोन कटला. रेंज नसल.
संध्याकाळी तीनदा लावला. तिन्ही खेपेले रेंज नवती. बबननं त्याच्या मोबाईलवरून लावला तर दुसऱ्या रिंगले उचलला. बबन माह्याकडं पाहून राह्यला होता. मी म्हशींले पानी पाजाले गेली.

२८ मे
लिवासारखं काही नाई.

३० मे
माहे गुडघे लय दुखतात. शेळीलेही पायऱ्या जड जाऊन राह्यल्या. म्हनून गुलाबसिंग मिस्त्रीले बोलावलं. प्रज्वलचा याच्याशी संबंध नाई. गुलाबसिंग म्हने, काकू, रुंदी किती ठेवू? मी मोजून गाठ मारलेली दोरी देल्ली. तो म्हने, एवढी जाडी शेळी? म्हटलं, गाभन हाये. तो म्हने, मंग उतार लांब घ्या लागन, नाईतर शेळी उलटी पडन. म्हटलं, घे लांब. पडली नाई पायजे.

३१ मे
सिमेंट टाकलं. कोनी पाय ठेवायचा नाई, असं साऱ्यायले बजावलं.

१ जून
सकाळी उतारावर पाऊल उमटलेलं दिसलं. पाच बोटं, अंगठा वाकडा. सारं घर माह्या पायाकडं पाहून राह्यलं. म्हटलं, शेळी असल. बबन म्हने, हो, वाकड्या अंगठ्याची. मी मनात म्हटलं, चढ जास्त तर झाला नाई, हे कोनीतरी पाहा लागते का नाई?
सिमेंटवर ओलं पोतं टाकलं, तेच दान्यायचं. दिवसातून तीनदा पानी मारायचं. हे काम दुसऱ्या कोनाले जमत नाई.

१५ जून, रविवार
पोतं उचललं. खाली हरभऱ्याचे दोन कोंब निघाले. मोजत बसली नाई.
प्रज्वल उतरला. पावलाच्या खड्ड्यात चाक जरासं आदळलं, पन खुर्ची सरळ गेली. रोडाले लागला, मागं वळून पाह्यलं नाई. पोळ्याले अजून दोन मयने हायेत. तवापर्यंत जाऊ दे.
तेवढ्यात शेळी दिसेना म्हनून मी तिले शोधाले निघाली. ठेसनापर्यंत गेली. प्रज्वल एका बंद टपरीसमोर थांबून तिची रुंदी पाहून राह्यला होता. मी लिंबाच्या झाडामागं उभी. येवढ्या दुरून त्यानं कसं वळखलं कोन जाने. म्हने, आजी, शेळी सापडली का?
म्हटलं, नाई.
म्हने, कशी सापडन? येताना मी तिले घरी बांधून आलो.