धावपट्टीवरची फुली

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला दोन वाक्यांत उडवून लावतेस, म्हणून लिहितोय. कागदावर तरी मधेच तोडता येणार नाही.

तुझा विमानतळ बंद करायचं ठरलंय. प्रवासी विमान गेल्या वर्षीच थांबलं. आता उरलंय काय, तर रुग्णांना नेणारं ते छोटं विमान आणि शिकाऊ पोरांची भिरभिर. एवढ्यासाठी कुंपण, आगीची गाडी आणि तुम्हा सगळ्यांना पोसायचं कशाला, असं मुख्यालयाचं म्हणणं. जमीन गोदामांना द्यायचीय. रीतीप्रमाणे धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोठी पांढरी फुली मारायची, म्हणजे वरून वैमानिकाला कळतं की इथे उतरायचं नाही. जमिनीवरच्या रंगकामाची मुकादम तू, तेव्हा काम तुझ्याकडेच येणार. हुकूम माझ्या टेबलावरून निघेल, म्हणून आधी भाऊ म्हणून सांगतोय.

फुली मारून टाक आणि मोकळी हो. इकडच्या मोठ्या विमानतळावर तुझ्या बढतीचं मी बोलून ठेवलंय. तुझी खाट कुठे लावायची तेसुद्धा तुझ्या भाचीने ठरवलंय. भावजींच्या गुडघ्यांना इथला डॉक्टर बरा पडेल.

हट्ट करू नकोस. रागावलीस तरी लोभ तेवढा शाबूत ठेव.

तुझा,
बारक्या

*

दि. १२ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडी नाचल्यासारखंच आहे, पण मजकूर कळला. फुली मी मारणार नाही.

साहेब झालास म्हणून विसरला असशील, तर सांगते. हा विमानतळ मुख्यालयाने बांधलेला नाही. इथे नुसतं माळरान होतं. टपालाचं विमान यायचं तेव्हा आपले बाबा शिट्टी फुंकत शेळ्या हाकलायचे. गावाने दगड वेचले, रोलर ओढला. डांबर पडलं तेव्हा मधली रेषा बाबांनी सुतळी ताणून रंगवली. पुढे ती पट्टी मोठ्या विमानांना आखूड पडायला लागली, म्हणून टेकाडापलीकडे लांब पट्टी झाली. जुन्या पट्टीवर तू सायकल शिकलास आणि हनुवटी फोडून घेतलीस.

आजही रोज सकाळी मी जीप घेऊन लांब पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघते. खडा, खिळा, मेलेला पक्षी, दिसेल ते उचलते. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली तर घरच्या मशीनवर शिवते. डांबराला भेग नाही, दिवे लागतात, आगीची गाडी एका हाकेत निघते. असल्या धडधाकट पट्टीवर फुली मारायची म्हणजे जित्या माणसाच्या नावाने रडायला बसायचं.

गेल्या आठवड्यात शिंप्याची सून बाळंतपणात अडली. तिला घेऊन विमान इथूनच उडालं. रस्त्याने नेली असती तर वाटेतच गेली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघं सुखरूप आहेत. तुझ्या गोदामवाल्यांना विचार, बाळंतिणींची सोय कुठे करणार आहेत ते.

भाचीला म्हणावं खाट नको, सुट्टीत तूच ये. आणि तुझ्या भावजींचे गुडघे तिकडेही दुखतीलच. नकार मी वरही लेखी पाठवतेय.

दम भरला म्हणून लोभ आटला असं समजू नकोस.

तुझी,
ताई

*

दि. २० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला एकदा दाखवून तरी पाठवायचंस. थोरल्या साहेबांनी सगळ्यांदेखत तुझा नकार वाचला आणि ही तुमची कोण म्हणून विचारलं. बहीण म्हणालो, तर म्हणाले, मग आवरा तिला. माझं तोंड इतकंसं झालं. तुझ्या निलंबनाचा कागद हातापाया पडून थांबवलाय.

काम आता बाहेरच्या ठेकेदाराला दिलंय. त्याची माणसं येतील, फुल्या मारतील, फोटो पाठवतील. मी ‘पाहिले, बरोबर’ लिहून सही करीन आणि विषय संपेल. तू फक्त आडवी येऊ नकोस. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

माझ्यावर उखडली असशीलच. थोडा लोभ शिल्लक असला तर तो भाचीच्या नावावर ठेव.

तुझा,
बारक्या

*

दि. २ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

बाबांना मध्ये आणू नकोस. ते असते तर तुझा कान पिरगाळला असता.

ठेकेदाराची माणसं येऊन गेली. चांगली होती बिचारी, पण त्यांनी आजवर फक्त भिंती रंगवलेल्या. फाटकातून आत येताच समोर जुनी आखूड पट्टी दिसली, तिच्यावर बाबांच्या वेळचे आकडे अजून आहेत, झालं. बसली तिच्यावरच फुल्या मारत. दोन्ही टोकांना, चांगल्या ऐसपैस. फोटो काढले आणि निघाली. टेकाडापलीकडे कोणी फिरकलंच नाही. आमच्यातल्या कोणीही सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. आगीच्या गाडीचा ड्रायव्हर तोंडात फडकं कोंबून हसत होता.

हसून झाल्यावर मात्र डोकं तापलं. लपूनछपून विमानतळ वाचवायचा असेल तर कशाला वाचवायचा? शिवाय कागदावर एक आणि जमिनीवर भलतंच, असा कारभार वैमानिकाच्या जिवावर बेततो. म्हणून मीच मुख्यालयाला कळवलंय. फुल्या भलतीकडे पडल्यात, लांब पट्टी उतरायला ठणठणीत आहे, तिच्यावर मी फुली मारणार नाही आणि मारूही देणार नाही. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. आता करा निलंबित.

तू काय करायचंस ते तू ठरव. लोभाचं म्हणशील तर तो जन्माचाच आहे, माझा इलाज नाही.

तुझी,
ताई

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद आणि ठेकेदाराचे फोटो एकाच दिवशी टेबलावर आले. माझी हनुवटी जिथे फुटली ती जागा मी ओळखणार नाही होय? साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बहिणीचा कागद बाजूला ठेवा, सही करा. कागदावर विमानतळ एकदा बंद झाला की खरी फुली सावकाश मारू.

पेन उघडलं. सही केली की उद्यापासून रुग्णांचं विमान येणार नाही, आणि पट्टी तिथे धडधाकट पडलेली असणार. शिंप्याची सून मी कधी पाहिलेलीही नाही, पण तीच डोळ्यांसमोर येऊन बसली. मी लिहिलं, ‘पाहिले. चूक. विमानतळ चालू आहे.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली.

मग व्हायचं ते झालं. चौकशी लागली. ती संपेपर्यंत कोणालाही फुली मारता येणार नाही, एवढं मात्र पदरात पडलं. मला खुर्चीवरून उठवलंय. शिक्षेची बदली कुठे, ते ओळख. तुझ्याकडे. जमिनीवरच्या कामाला, मुकादमाच्या हाताखाली.

घरी रडारड होईल असं वाटलं होतं. बायको म्हणाली, उशिरा का होईना, पाठीला कणा असल्याचं कळलं. सोमवारी हजर होतो. भीती वाटतेय गं. पण मान खाली घालून फिरावं लागत नाही.

लोभ कर किंवा करू नकोस, हाताखाली मात्र घे.

तुझा,
बारक्या

*

दि. १५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
पोटभर आशीर्वाद.

ये. साहेबी बूट तिकडेच ठेव, इथलं डांबर तापतं. कुंपणाच्या आत मी तुझी ताई नाही, मुकादम आहे. उशिरा आलास तर चारचौघांत बोलेन, मग घरी येऊन तोंड पाडायचं नाही.

तुझं पत्र वाचून रडले. ड्रायव्हरने पाहिलं, तर डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. तूही रडलास तर तेच सांग.

चौकशी आपल्यावर उलटेल, हे मला कळतं. रंगाचे डबे पुन्हा येतील, आणि या वेळी पट्टी ओळखणारी माणसं घेऊन येतील. येऊ देत. आजवर ‘नाही’ म्हणायला घरातून मी एकटीच होते.

बाकी लोभ समोरासमोर.

तुझी,
ताई