पोपट गप्प आहे

मंगळवार, बहुधा बारा नोव्हेंबर

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. भाऊजींचा गुडघा अजून कुरकुरतोय का? त्यांना म्हणावं, गुडघा काय आणि नवरा काय, फार विचारपूस केली की दोघेही शेफारतात.

इकडे सगळं ठीक. थंडी अजून म्हणावी तशी पडलेली नाही. खालच्या शिंप्याने नवं मशीन आणलंय, त्याचा दिवसभर खडखडाट असतो. अक्षर बघून घाबरू नकोस. मनगट दुखावलंय, त्यामुळे ओळी जरा वरखाली झाल्या असतील.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मध्येच रडायला लागतेस आणि मग मलाच तुझी समजूत घालावी लागते. शिवाय फोन कानाला लागला की माझ्या तोंडून 'मी मजेत' आपोआप बाहेर पडतं. रविवारीही तेच झालं. आवाज असा का येतोय, विचारलंस तू, आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नव्हती.

कॉम्प्युटरची कटकट झाली होती. तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी ऐक.

माझा पोपट तुला माहीत आहे. स्क्रीनवर जे येईल ते घडाघडा वाचून दाखवणारा. डोळ्यांना जरा विश्रांती म्हणून बसवलाय, असं मी तुला सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई पेशंटबद्दल बोलून ठेवतात ते मी ऐकून टाइप करते आणि पोपट मला माझ्या चुका वाचून दाखवतो. कोर्टातली नोकरी संपल्यावर हे काम मिळालं आणि आमची दोघांची जोडी चांगली जमली.

तर झालं असं, की डॉक्टरीणबाईंचं रेकॉर्डिंग आता नव्या प्रकारच्या फाईलमध्ये यायला लागलं. ते वाजवायला नवं सॉफ्टवेअर हवं. माझ्याकडचं सगळं फुकटातलं, जगभरच्या हौशी लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं. ते बसवायला पॅकेज मॅनेजर नावाचा एक कारभारी असतो. त्याला नाव सांगायचं, की तो ती वस्तू आणून बसवतो आणि तिला जे जे लागतं तेही घेऊन येतो. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने बरोबर मेहुणे आणि मेहुण्यांचे साडू आणावेत, तसा प्रकार.

आठवडाभर मी त्या कारभाऱ्याशी भांडत होते. नव्याला आवाजाची नवी यंत्रणा हवी, जुन्याला जुनीच हवी, आणि दोघांचं एका घरात पटत नाही. एक अडचण सोडवली की तिच्या जागी दुसरी हजर. कारभाऱ्याचं म्हणणं असं, की दोष त्याचा नाहीच, माझं मशीनच जुनं झालंय. नाचता येईना, अंगण वाकडं! इंटरनेटवर मदत मागितली तर कोणा शहाण्याने एका ओळीत उत्तर दिलं, आधी सूचना नीट वाचा. वाचा म्हणे.

रविवारी सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं आणि तापेपर्यंत एकदा बघू म्हणून टेबलाशी बसले. या वेळी सगळंच नवं करून टाक, असं कारभाऱ्याला सांगितलं. त्याने दोन याद्या काढल्या, काय नवं येणार आणि काय काढून टाकणार. पोपट वाचत सुटला. ती नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. मला कंटाळा आला. शेवटी 'पुढे जायचं का?' असा प्रश्न आला आणि मी नेहमीसारखं 'हो' दाबलं.

काढून टाकायच्या यादीत पोपटाचं स्वतःचं नाव होतं, चिमे. ते त्याने इतर नावांच्याच सुरात वाचलं होतं. माझ्या कानावरून गेलं आणि डोक्यात शिरेपर्यंत बोट पडून गेलं होतं. तो पुढचं काहीतरी वाचत होता आणि शब्द अर्धा असतानाच थांबला.

मी वाट पाहिली. हे बटण, ते बटण, काही नाही. स्क्रीनवर हात ठेवला, ऊब होती. आतला पंखा फिरत होता. म्हणजे आत काहीतरी चाललेलं होतं, पण काय चाललंय ते मला सांगणारं कोणी नव्हतं. मी किती वेळ तशी बसले होते कोण जाणे. मग वास आला. आधी करपल्याचा आणि मग गॅसचा. दूध उतू जाऊन आच विझली होती.

मी धडपडत उठले. खुर्ची कुठेतरी आडवी पडली. स्वयंपाकघर माझ्या डाव्या हाताला असतं. मी डावीकडे गेले तर हाताला कपाट लागलं. पुन्हा वळले तर भिंत. पोपट चालू असला की टेबल कुठे ते कानाला कळत असे आणि टेबलावरून मला घर कळत असे. तो गप्प झाला आणि माझं घर नाहीसं झालं. दोन खोल्यांचं घर गं! इतकी वर्षं राहते इथे. वास वाढत होता आणि मला माझं स्वयंपाकघर सापडत नव्हतं. इतकी भीती मला आई गेली त्या दिवशीही वाटली नव्हती.

शेवटी वाऱ्याची झुळूक लागली तिकडे सरकले. खिडकी होती. ती उघडून शिंप्याच्या नावाने मी जी बोंब ठोकली, ती सगळ्या गल्लीने ऐकली असेल.

तर मनगटाला काहीही झालेलं नाही. वर लिहिलंय ते खोडून टाकलं असतं, पण ते कागदावर कुठे आहे ते आता मला सापडणार नाही. ओळीखाली पट्टी धरून लिहितेय. ओळ संपली की पट्टी दोन बोटं खाली. उजव्या डोळ्याचं तुला ठाऊक होतं. ऑपरेशननंतर डावा छान आहे, असं मी तुला सांगत राहिले. तो कधीच छान नव्हता. पावसाळ्यात नुसता उजेड कळायचा, आता तोही कळत नाही.

शिंप्याने वर येऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, मला खुर्चीवर बसवलं. 

मी म्हटलं, "आलाच आहात तर त्या स्क्रीनवर काय लिहिलंय तेवढं वाचा."

"बाई, मला इंग्रजी अक्षरं येतात, वाक्यं नाही."

"अक्षरंच सांगा. जोडायचं मी बघते."

तो मापं सांगावीत तसा एकेक अक्षर सांगत गेला आणि मी मनात टाइप करत गेले. कारभाऱ्याने काढायचं ते काढलं होतं, आणि नवं बसवता बसवता मध्येच एक प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत थांबला होता. तुम्ही केलेली जुनी मांडणी तशीच ठेवायची, की आलेली नवी घ्यायची?

"काय दाबू?" शिंपी म्हणाला.

"काही नको. राहू दे तसंच."

जाताना तो दाराशी थांबला. "मागे तुम्ही निळा पडदा म्हणून कापड दिलंत ना शिवायला, ते हिरवं होतं. मी बोललो नाही. वाटलं, तुम्हाला आवडणार नाही." म्हणजे तेव्हापासून त्याला ठाऊक होतं. मी कोणापासून लपवत होते? फक्त तुझ्यापासून आणि माझ्यापासून.

दिसेनासं झालं की तुझ्याकडे राहायला यायचं, असा शब्द तू माझ्याकडून घेतला होतास. मागची खोली रंगवून घेतलीस, मोठी खिडकी आहे म्हणालीस. खिडकी घेऊन मी काय करू, वेडे? मला भीती वाटते, की त्या खोलीत मला कोणी कामाला हात लावू देणार नाही. तीन वेळा गरम चहा आणून द्याल, औषध विचाराल, आणि मी दिवसभर दाराकडे कान लावून बसेन. त्या भीतीने मी खोटं बोलले. आता इथेही भीती वाटते. रविवारपासून गॅस पेटवलेला नाही. शिंप्याची बायको ताट देऊन जाते. रात्र आहे की दिवस, ते खालच्या मशीनवरून ओळखते. ते थांबलं की मी जागची हलत नाही. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन वाजतो, तो मी उचलत नाही.

तो प्रश्न स्क्रीनवर तसाच आहे. एक अक्षर दाबायचं आहे आणि मला दोन्ही उत्तरांची भीती वाटते.

तू ये. मला न्यायला म्हणून लगेच गाडी ठरवून येऊ नकोस. आधी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बस आणि स्क्रीनवर काय काय येतंय ते मला वाचून दाखव. पोपट परत बसेल. बसला तर डॉक्टरीणबाईंचं काम राहील, मग ते इथे करायचं की तुझ्या खिडकीशी, ते आपण भांडून ठरवू. तू वाचत असताना रडलीस तरी मी या वेळी गप्प बैस म्हणणार नाही.

एक आत्ताच मनात आलं. हे पेन ड्रॉवरमध्ये कधीपासून पडलं होतं, देव जाणे. ते उमटतंय की नाही, मला कळत नाही. बोट फिरवून पाहिलं, काही समजलं नाही. शिंप्याला दाखवलं असतं, पण हे त्याने वाचायला नको. पाकीट उघडून तुझ्या हातात कोरे कागद आले, तर त्यावर हेच सगळं लिहिलेलं होतं असं समज. आणि तेव्हा हे वाक्यही तुला दिसणार नाही, म्हणून पाकिटावर पत्त्याखाली शिंप्याकडून एकच शब्द लिहून घेणार आहे. 'ये'.

तुझी,
आंधळी ताई