तीन मुलांचं चित्र आणि भाचीचा सांभाळ

मी, जुनी चित्रं दुरुस्त करणारी, वय एकतीस, अविवाहित. सोमवारी माझ्या डोक्याची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी आज शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, म्हणून आजच लिहिते. कुणाचं दडपण नाही. याआधीचं मृत्युपत्र नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाचीची. बहीण-मेहुण्यांमागे ती माझ्याकडेच आहे. ती सज्ञान होईपर्यंत तिचा सांभाळ आमच्या कार्यशाळेतल्या चौकटी करणाऱ्या बाईंनी करावा. भाची त्यांना मावशी म्हणते आणि त्या तिला रागावतातही. मला तेवढं पुरे.

२. सूक्ष्मदर्शक, दिवे आणि ब्रश धाकट्या सहकाऱ्याला. माझे चांगले ब्रश तो न विचारता वापरतोच. आता बिनघोर वापरावेत.

३. आईकडून आलेलं चित्र भाचीला. बाकावर तिघं एकच पुस्तक वाचताहेत: मोठे मामा, मधली मावशी, धाकटी आई. येणारा-जाणारा म्हणतो, ‘‘काय माया आहे भावंडांत.’’ मी ते साफ केलं तेव्हा जे दिसलं ते नोंदवते. मावशी पुस्तकात नको इतकी वाकली आहे. मामांचा हात आईच्या खांद्यावर आहे, पण बोटांखाली कापड चुरगळलं आहे. चित्रकाराने हा हात आधी पुस्तकावर काढला होता, मग तिथून हलवला. आईचं हसू मात्र त्याचं नव्हे. अतिनील प्रकाशात ते काळं दिसलं, म्हणजे नंतर कुणीतरी चढवलेलं. मी ते उतरवलं. खाली ओठ घट्ट मिटलेले आहेत. मागून कुणी खांद्याला हात लावला की आई भरल्या ताटावरून उठायची.

मामा बघून म्हणाले, ‘‘वाटोळं केलंस. ते हसू परत काढ.’’ मी नाही म्हटलं. जरा वेळाने म्हणाले, ‘‘बरं, राहू दे. पोरीला सुट्टीत आमच्याकडे पाठव. अगदी तुझ्या आईवर गेलीय.’’

४. म्हणून चित्राला पुन्हा कुणी रंग लावू नये. उतरवलेलं हसू कापसाच्या बोळ्यांवर, बाटलीत बंद आहे. ते बाईंकडे राहावं. मामांनी मागितलं तर दाखवावं, देऊ नये.

५. भाचीला मामांकडे पाठवू नये. एका रात्रीसाठी नाही, लग्नकार्य असलं तरी नाही. मी गेल्याचं कळताच ते येतील, गोड बोलतील, रक्ताचं नातं काढतील. कोर्टात गेले तर हा कागद आणि चित्र दोन्ही न्यावीत.

सही केली आहे.
स्थळ: कार्यशाळा. दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा गुरुवार.

साक्षीदार पहिले: शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर.

साक्षीदार दुसऱ्या: मामी. मी बोलावलं नव्हतं, आपणहून आल्या. कागद वाचायला पुढे केला. ‘‘वाचायला नको,’’ म्हणाल्या. ‘‘सही कुठे करू?’’